ब्रेक ओरडत होता

त्या सकाळी निडी गावच्या रेल्वे फाटकाजवळ सीताबाई बाबाजीच्या मोटारसायकलखाली येता येता वाचली.

वालाच्या सुक्या वेलांचा भारा डोक्यावर घेऊन ती रस्ता ओलांडत होती. बाबाजीने पुढचा ब्रेक दाबला, तर दांडी थेट मुठीला जाऊन टेकली आणि गाडी तशीच पुढे गेली. त्यानं पाय दाबून मागचा ब्रेक लावला. मागचं चाक खडीवर घसरलं आणि गाडी सीताबाईपासून हातभर अंतरावर उभी राहिली. भारा खाली पडला. म्हातारी जागची हलली नाही. ती त्याच्याकडं बघून बराच वेळ बोलत राहिली. बाबाजीने मान हलवली, भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला आणि निघाला. ती काय बोलली ते त्याला कळलं नव्हतं. रागावली असणार, एवढं तोंडावरून कळलं.

बाबाजी त्रेसष्ट वर्षांचा. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्रेसर हाऊसमध्ये त्यानं एकतीस वर्षं काढली. तिथं शेजारी उभा असलेला माणूस बोलला तरी ऐकू यायचं नाही. सगळा कारभार हाताच्या खुणांवर आणि मानेवर चालायचा. कानात घालायला बुचं मिळायची, पण ती घातली की मशीनचा आवाज बदललेला कळत नाही असं बाबाजीचं म्हणणं, म्हणून ती लॉकरमध्येच पडून असायची. वर्षातून एकदा कान तपासायला एक बाई यायची. हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बोट वर करायचं. बाबाजी बाईच्या हाताकडं बघायचा. तिनं बटण दाबलं की हा बोट वर करायचा. एकतीस वर्षांत तो एकदाही नापास झाला नाही.

त्याला अजिबात ऐकू येत नव्हतं असंही नाही, आणि घोटाळा तिथंच होता. ट्रकचं इंजिन त्याला ऐकू यायचं. रेल्वेचा भोंगा, ढगांचा गडगडाट, जाड आवाजाच्या पुरुषांचं बोलणं, हे सगळं यायचं. कुकरची शिट्टी यायची नाही. पाखरं कधीची गेली होती. पोरांचं आणि बायकांचं बोलणं भिंतीपलीकडून यावं तसं यायचं, आवाज यायचा पण शब्द यायचे नाहीत. लोक आजकाल पुटपुटतात, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्याची बायको रंभा होती तोवर काही अडलं नाही. कोणी काही बोललं की ती त्याच्या समोर येऊन, तोंड त्याच्याकडं करून तेच पुन्हा सांगायची. "जनू म्हणतो, उद्या नांगराला ये." "पोस्टमन म्हणतो, इथं सही कर." घरातला फोनही तीच घ्यायची. मुलगी सुरभी पेणला दिलेली. ती दर रविवारी फोन करायची, रंभा बोलायची आणि मग बाबाजीला सगळं सांगायची. नवरा बहिरा झालाय हे रंभा कधी बाहेर कोणाला बोलली नाही. त्यालाही बोलली नाही.

दोन वर्षांमागं आषाढात रंभा काविळीनं गेली. त्यानंतर बाबाजीला कोणी काही दुसऱ्यांदा सांगेनासं झालं. तो मान हलवू लागला. मान हलवली की समोरचा माणूस बोलणं संपवून जातो, हे तो कंपनीतच शिकला होता. फोनवर मान दिसत नाही, म्हणून तिथं त्यानं बोलणं ठरवून टाकलं होतं. "व्हय, बरा हाय. जेवलो. तू बरी ना? चांगलं झालं. ठेवतो." सुरभीचे फोन तरी सुरू राहिले. मग यंदा मार्गशीर्षानंतर ते कमी झाले आणि माघात थांबले. पोरगी संसारात गुंतली, असं बाबाजी धरून चालला. वाईट वाटलं, पण सांगणार कोणाला?

सीताबाई वाचली त्या दिवशी तो तसाच मागच्या ब्रेकवर रोह्याला गेला. तिथं दोन दुकानं फिरला. गाडी दोन हजार चौदाची, दीडशे सीसीची, लाल रंगाची. कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलेलं. तिच्या पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड कोणाकडं नव्हते. दुसऱ्या दुकानदारानं त्याला हातानं लांबची खूण करून "पेण, रामवाडी" असं दोनदा सांगितलं, ते मात्र त्याला कळलं. मग नागोठणे, वडखळ करत, चाळीसच्या वर न जाता तो पेणला पोचला.

रामवाडीतलं स्पेअर पार्टचं दुकान वैशाली सांभाळायची. चाळिशीची, चष्मा लावणारी बाई. दुकान नवऱ्याचं, पण कुठला पार्ट कुठल्या खोक्यात आहे ते तिलाच ठाऊक. दुकानाला लागून हैबतरावाचं गॅरेज. हा मूळचा घाटावरचा, वीस वर्षांपूर्वी पेणला येऊन राहिलेला.

"पुढच्या डिस्कचे पॅड पायजेत," बाबाजी काउंटरवर हात ठेवून म्हणाला. "चौदाचं मॉडेल."

वैशालीनं बाहेरच्या गाडीकडं एकदा बघितलं आणि आतून तीन पाकिटं आणून त्याच्यासमोर मांडली. पहिल्यावर बोट ठेवून ती काहीतरी बोलली. बाबाजीने मान हलवली. दुसरं पाकीट उघडून आतला तुकडा त्याच्या हातात दिला आणि जरा जास्त वेळ बोलली. बाबाजीने मान हलवली. तिसऱ्याचंही तसंच झालं. मग तिनं एक प्रश्न विचारला आणि ती थांबली. बाबाजीने मान हलवली. ती थांबूनच राहिली.

तिनं एका रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं, त्यावर पेनानं लिहिलं आणि त्याच्यापुढं सरकवलं. *तिन्हीला हो म्हणालात. कुठला देऊ?*

बाबाजीने ते वाचलं. त्याच्या कानशिलांत गरम झालं.

"कुठला पण द्या," तो म्हणाला. "चांगला असंल तो."

तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली. *काका, कमी ऐकू येतं का?*

नाय, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं. पण बाई शांतपणे त्याच्याकडं बघत होती, आणि तिनं हे अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं नव्हतं, लिहून विचारलं होतं. त्यानं मान हलवली. कितीतरी दिवसांनी काय विचारलंय ते कळून त्यानं मान हलवली होती.

तिनं लिहिलं, *म्हणूनच ब्रेक इतका ओरडेपर्यंत राहिला.*

"ब्रेक नाय ओरडत माझा," बाबाजी म्हणाला.

वैशालीनं चष्म्यातून त्याच्याकडं बघितलं. मग शेजारच्या गॅरेजकडं तोंड करून हाक मारली. हैबतराव फडक्याला हात पुसत आला. त्याचा आवाज जाड होता, त्यामुळं तो बोलला ते बाबाजीला बहुतेक सगळं कळलं.

"काका, तुम्ही त्या तिथल्या वळणावर होता, तेव्हाच मी हातातला पाना खाली ठेवला. म्हटलं, हा गाडीवाला आपल्याकडंच येणार."

"मोठ्यानं ओरडतो?"

"मोठ्यानं म्हणजे? न दाबता नुसता घासला तरी दातात कळ जाते."

हैबतराव गाडीजवळ जाऊन उकिडवा बसला, डिस्कवर बोट फिरवलं आणि ते त्याला दाखवलं. बोटाला राखाडी भुकटी लागली होती.

"किती दिवस झाले असतील?" बाबाजीने विचारलं.

"लोखंडाला लोखंड लागून महिना तरी झाला. त्याच्या आधी पॅड संपत आला तेव्हा बारीक वाजला असणार. दोन-अडीच महिने धरा. घरात कोणी बोललं नाही?"

"घरात कोणी नाय," बाबाजी म्हणाला.

हैबतरावानं पॅड धरून ठेवणारा कॅलिपर सोडवला आणि जुने पॅड काढून काउंटरवर ठेवले. एकात नखाएवढा थर उरला होता. दुसऱ्याचा नुसता पत्रा, घासून आरशासारखा झालेला. डिस्कवर गोल चरे पडले होते, पण जाडी शाबूत होती. घासून घेतली तर चालेल, असं तो म्हणाला.

आता पॅड निवडायचे होते. वैशाली लिहायची आणि हैबतराव मोठ्यानं सांगायचा. पहिल्या पाकिटातला पॅड कडक, धातूची भुकटी जास्त असलेला. खूप टिकतो, पण डिस्कला खातो आणि सकाळी गाडी थंड असताना कुईं करतो. दुसरा मऊ. तो आवाज करत नाही, पण लवकर झिजतो. तिसराही मऊच, पण जरा महाग.

बाबाजीने उभ्या आयुष्यात टिकणारी वस्तू घेतली होती. त्यानं पहिल्या पाकिटावर हात ठेवला.

"हाच द्या. आवाजाचं मला काय? मला थोडाच येणार हाय."

हैबतराव हसला. वैशाली हसली नाही. तिनं लिहिलं, *लोकांना येतो ना.*

बाबाजीने ती ओळ दोनदा वाचली आणि हात पाकिटावरून काढून घेतला.

"पण मऊवाला संपला हे मला कसं कळणार?" तो म्हणाला. "मला तर ऐकू येत नाय."

हे वाक्य त्यानं आजवर कोणापुढं उच्चारलं नव्हतं. बोलून झाल्यावर आपणच बोललो हे त्याच्या ध्यानात आलं. हैबतरावाला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यानं तिसऱ्या पाकिटातला पॅड काढून उभा धरला आणि मधली खोल खाच दाखवली.

"ही बघा. पॅड झिजत जाईल तशी ही उथळ होत जाते. महिन्यातून एकदा पुढून बॅटरी मारून बघायचं. खाच दिसते तोवर गाडी चालवा. बुजली की या. दुसऱ्याला ही खाच नाही. याला कान लागत नाहीत, नुसते डोळे लागतात."

बाबाजीने तो पॅड हातात घेतला, उजेडाकडं धरून खाचेत नख घालून बघितलं. मग तोच घेतला.

काम व्हायला तास लागणार होता. गॅरेजच्या बाहेर लाकडी बाकावर तो बसून राहिला. समोरून गाड्या जात होत्या. त्याला गेले दोन-अडीच महिने आठवू लागले.

निडीच्या शाळेजवळून तो रोज जायचा. हल्ली पोरं त्याला बघितलं की दोन्ही हात कानांवर ठेवायची. पोरांचा काहीतरी नवा खेळ निघालाय, असं त्याला वाटलं होतं. तो त्यांना हात करायचा. एकदा तर गाडी थांबवून त्यानंही दोन्ही हात कानांवर ठेवून दाखवले होते, आणि पोरं हसून लोळली होती. त्या दिवशी घरी येऊन तो एकटाच खुशीत होता. रोह्याच्या बाजारात तो वळला की माणसं माना वळवून बघायची. आपल्याला अजून लोक ओळखतात, असं तो समजत होता. पुलावर एकदा एका बाईनं तिच्या तान्ह्या पोराचे कान झाकले होते. तेव्हा वारा होता, म्हणून झाकले असतील, असं त्याला वाटलं होतं.

सगळ्यांना ऐकू येत होतं. इतक्या लोकांतून एकानंही सांगितलं नाही, हे त्याला फार लागलं.

हैबतरावानं गाडी दिली आणि सांगितलं, "पहिले दोनशे किलोमीटर जोरात दाबू नका. नवीन पॅड आहे, सावकाश बसू द्या." सुरभीचं घर रामवाडीपासून दहा मिनिटांवर होतं. बाबाजी चौकात क्षणभर थांबला. जिनं दोन महिन्यांत फोन केला नाही तिच्या दारात न बोलावता कसं जायचं, असा विचार करून त्यानं गाडी वडखळच्या रस्त्याला घातली.

घरी पोचला तेव्हा ऊन कलंडलं होतं. शेजारचा जनू अंगणात वालाच्या शेंगा बडवत होता. जनू आणि बाबाजी एका वर्गात शिकलेले. जनूचा आवाज भसाडा, म्हणून तो गावात बाबाजीला सगळ्यात जास्त ऐकू यायचा, तरी अर्धाच.

बाबाजी सरळ त्याच्या अंगणात गेला. "जनू, माझा ब्रेक ओरडत व्हता?"

जनूनं बडवणं थांबवलं. "आता नाय ओरडला. केलास वाटतं."

"ओरडत व्हता ना? मग तू मला सांगितला का नाय?"

"कोणी नाय सांगितला?" जनू उठून उभा राहिला. "दोनदा सांगितला मी तुला. एकदा संक्रातीला, एकदा मारुतीच्या देवळात."

"मी काय म्हणालो?"

"काय म्हणणार? मान हलवलीस. म्हणलास, बघू. दोन्ही टायमाला तेच. मग तिसऱ्यांदा मी कशाला सांगू? माणसाला वाटतं, याला आपलं ऐकायचंच नाय."

बाबाजी शेंगांच्या ढिगाकडं बघत उभा राहिला.

"आणि सीताबाईनं?" त्यानं विचारलं.

"ती तर सगळ्यांना सांगत फिरते. म्हणते, रंभा गेली आणि बाबाजीनं गावाशी बोलणंच सोडलान. नुसता मुंडी हलवतो आणि जातो." जनू थांबला, मग जरा हळू बोलला. ते बाबाजीला ऐकू आलं नाही.

मान जवळजवळ हललीच होती. त्यानं ती आवरली.

"काय म्हणलास? ऐकू नाय आला."

जनूनं त्याच्याकडं नीट बघितलं. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं बाबाजीच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तो दोन पावलं जवळ आला. "म्हणलो, आम्हाला वाटला तू आमच्यावर रागवलास."

"नाय रे," बाबाजी म्हणाला. "मला ऐकूच येत नाय."

जनूनं सुपात पसाभर वाल भरून बाबाजीच्या हातात दिले आणि पुन्हा बडवायला बसला.

घरात येऊन बाबाजीने सूप चुलीपाशी ठेवलं आणि तो ओट्यावर बसला. आणखी कोणाकोणाला आपण मान हलवली, ते तो आठवू लागला. ग्रामसेवक कागद घेऊन आला होता, त्याला हलवली. देवळाच्या कमिटीची माणसं आली होती, त्यांना हलवली. चुलतभाऊ पोरीच्या लग्नाचं सांगायला आला होता बहुतेक. ते लग्न झालंसुद्धा असेल. आठवता आठवता तो सुरभीच्या मार्गशीर्षातल्या फोनापाशी आला.

तो फोन मोठा होता. एरवी ती दोन मिनिटांत ठेवायची, त्या दिवशी ती खूप वेळ बोलत होती. तिचा आवाज खालीवर होत होता, ते त्याला जाणवलं होतं. मग ती गप्प झाली. उत्तराची वाट बघत असावी, असं वाटून त्यानं ठरलेलं बोलणं बोलून टाकलं होतं आणि फोन ठेवला होता. त्यानंतर ती एक-दोनदा बोलली ती अगदी थोडं, आणि मग बंदच झाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा पेण गाठलं.

सुरभी गणपतीच्या कारखान्यात कामाला होती. तो गेला तेव्हा बाकीच्या बाया जेवायला गेल्या होत्या. फळ्यांवर पांढऱ्या मूर्ती ओळीनं सुकत होत्या, काहींना अजून हात लावायचे होते. सुरभी खाली बसून एका मूर्तीची पाठ पॉलिश पेपरनं घासत होती. ती वाळली होती. गालफडं वर आली होती. तिनं वर बघितलं, बाप दिसला, दोन शब्द बोलली आणि तोंड फिरवून पुन्हा घासू लागली.

तिची पाठ त्याच्याकडं होती. खांदे हलत होते, मानही मधूनमधून हलत होती, म्हणजे ती बोलत होती. बाबाजी तिच्या मागं उभा राहून मान हलवत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की ती बघतसुद्धा नाहीये आणि आपण पाठीला मान हलवतोय.

"सुरभी," तो म्हणाला. "ऐकू आलं नाय गो."

ती न वळताच काहीतरी बोलली.

"इकडं तोंड कर. मला ऐकू येत नाय. फोनवर तर काहीच येत नाय. तू मार्गशीर्षात काय सांगितलंस, ते मला आलंच नाय."

सुरभीचा हात थांबला. ती वळली. तिच्या भुवयांवर पांढरी धूळ बसली होती.

"काहीच नाही?" तिनं विचारलं. दोनच शब्द होते, ते त्यानं ओठांवरून वाचले.

"काहीच नाय."

"मग तुम्ही बोलत कसे होता?"

"जे बोलतात ते बोलत व्हतो."

तिनं पॉलिश पेपर खाली ठेवला आणि सांगितलं. त्याला पहिल्यांदा नुसतं 'ऑपरेशन' आणि 'सुट्टी' एवढंच कळलं. तो म्हणाला, "परत सांग." तिनं आवाज चढवून परत सांगितलं. पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तिचा नवरा आदेश उरणला कंटेनर यार्डात कामाला, त्याला सुट्टी मिळत नव्हती. बाबा, दोन दिवस माझ्याजवळ येऊन राहा, असं तिनं फोनवर सांगितलं होतं.

"आणि मी काय म्हणालो?"

सुरभी एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्ही म्हणालात, बरा हाय, जेवलो. चांगलं झालं. आणि ठेवलात."

बाजूला प्लास्टरची भरलेली गोण होती, तिच्यावर बाबाजी बसला.

"आदेशनं तरी सांगायचं."

"मीच नको म्हटलं. म्हटलं, बाबांना सांगून झालंय. इथल्या मालकीणबाई होत्या ना, इंदुबाई. त्या बसल्या दोन दिवस." ती गुडघ्यावरची धूळ झटकत राहिली. "मी दोन दिवस दाराकडं बघत होते. मग सोडलं."

हे सगळं त्याला कळलं, कारण ती तोंडासमोर होती आणि सावकाश बोलत होती. न कळतं तर बरं झालं असतं, असं एक क्षण त्याला वाटून गेलं.

"दुखतं?"

"आता नाही. जड उचलायचं नाही म्हणून इकडं घासायला बसवलंय." मग तिनं विचारलं, "आईला माहीत होतं?"

"असणार. ती कधी बोलली नाय."

"मलापण नाही." सुरभीचा आवाज चढला. "आणि तुम्हाला? तुम्हाला सांगायला काय झालं होतं?"

बाबाजीने उत्तर शोधलं. "कंपनीत काढतील म्हणून पहिल्यांदा लपवलं. मग गावात बहिरा म्हणतील म्हणून. मग तुझी आई व्हती, तेव्हा लागलंच नाय. ती गेल्यावर कोणाला सांगायचं तेच कळलं नाय."

सुरभी काहीतरी पुटपुटली.

"काय?"

"जाऊ दे."

"जाऊ दे नको म्हणू," बाबाजी म्हणाला. "सांग."

तेवढ्यात बाया जेवून परत आल्या. सात-आठजणी, डबे हातात, दारातच थबकल्या. सुरभीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा बापाकडं. मग सगळ्यांच्या देखत, कारखानाभर घुमेल अशा आवाजात ती म्हणाली, "शनिवारी माझी तपासणी आहे. तिथंच कानाचे डॉक्टर बसतात. साडेनऊला दवाखान्याच्या दारात या. तुमचे कान दाखवू."

बाबाजीने मान खाली घातली. इतकी वर्षं ज्याला तो भीत होता ते हेच, आणि ते असं आठ परक्या बायांसमोर होऊन गेलं. तो गोणीवरून उठला नाही.

"शनिवारी. साडेनऊला," तो म्हणाला. "येतो."

सुरभीनं पॉलिश पेपर उचलला. तिनं त्याला घरी चला म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. कारखाना सुटेपर्यंत तो त्याच गोणीवर बसून राहिला. तिचं पाठमोरं काम बघत. मध्ये इंदुबाईंनी चहा दिला. त्या काय बोलल्या ते त्याला कळलं नाही. त्यानं तसं सांगितलं, तर त्यांनी हातानंच प्या, प्या अशी खूण केली.

मग तो निडीला परतला. शनिवारला अजून तीन दिवस होते. फोन वाजला तरी कळणार नव्हतं, म्हणून तो दर तासाला उघडून बघायचा. बुधवारी काही नव्हतं. गुरुवारी काही नव्हतं. वाल मोडासाठी भिजत घातले होते, ते एकट्याला जास्त झाले. त्यातले निम्मे त्यानं जनूच्या घरी परत नेऊन दिले.

शुक्रवारी दुपारी फोनवर सुरभीचं नाव दिसलं, पाऊण तासापूर्वीचं. त्यानं लगेच उलट लावला. फोन लागल्यासारखं वाटल्यावर, ती काही बोलायच्या आत तो मोठ्यानं म्हणाला, "सुरभी, मला ऐकू येणार नाय. मी उद्या येतोय. साडेनऊला दारात उभा असतो."

पलीकडून आवाज येऊ लागला. शब्द नव्हते, नुसता आवाज, खालीवर होणारा. ती काय सांगत होती ते उद्या विचारायचं, असं ठरवून बाबाजी ओट्यावर बसला, आणि ती ठेवेपर्यंत त्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला.